नरहरपंतांची तडजोड

नरहरपंत वकील कुणाच्याही घरी गेले तरी उंबऱ्यावर बसत. उंबऱ्यावर बसू नये हे आपल्याकडे रांगत्या पोरालाही सांगतात. पंतांना ते ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. शेरवानीचा घोळ सावरून, पागोटं मांडीवर ठेवून ते दाराच्या मधोमध बैठक मारत. एक पाय ओसरीकडे, एक माजघराकडे. येणाऱ्या-जाणाऱ्यांची अडचण व्हायची, आतून बायका कुरकुरायच्या. पंत म्हणत, "आत बसलो की तुमचा झालो, बाहेर बसलो की त्यांचा. हितं दोन्हीकडची हवा लागती."

आमचं गाव जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं. नाव मुद्दाम सांगत नाही. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांची नातवंडं अजून तिथेच नांदतात. तेव्हा निजामी राज्य होतं. तहसीलची कचेरी, मुन्सफाचं कोर्ट आणि धान्याची मंडी एवढ्या भांडवलावर आम्ही स्वतःला शहर समजत होतो. माझं कापडाचं दुकान चावडीसमोर. आम्ही मूळचे राजस्थानातले, पण कधी आलो ते आमच्या भाटालाही धड सांगता येत नाही. घरात मारवाडी बोलतो, भांडतो मात्र मराठीत.

पंतांची ओळख अशाच एका भांडणातून झाली. चुलतभाऊ आणि मी वाटण्या करून वेगळे झालो, पण दुकानापुढचा ओटा कुणाचा यावर अडलं. मी तावातावानं पंतांकडे गेलो आणि दावा लावा म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि वकीलपत्रावर सही घ्यायची सोडून मलाच बरोबर घेऊन दुकानाकडे निघाले. दोन दुकानांच्या मधल्या पायरीवर बसून त्यांनी आम्हा दोघांना दिवस मावळेपर्यंत बोलायला लावलं. शेवटी ठरलं ते असं, की ओटा दुपारपर्यंत माझा आणि दुपारनंतर त्याचा. मी चिडलो, भाऊही चिडला. पंत मात्र खूश. म्हणाले, "दोघंबी थोडे थोडे नाराज हायत न्हाई का? मंग निवाडा बराबर झाला."

हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याला गणती नाही. भांडणं मिटवणारा वकील म्हणजे उपास सांगणारा हलवाई. त्यांची वकिली चालायची ती एवढीच, की चूल बंद पडू नये. कोर्टात उर्दू झकास बोलत, कायद्याची बारीक जाण होती, मुन्सफ त्यांना मान देत, पण पक्षकार आला की यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "ओढू नका, तुटंल." ज्याला तोडायचंच असे तो दुसऱ्या वकिलाकडे जाई. मी त्यांची चेष्टा करायचो. पंत, म्हटलं, तुम्ही देवाच्या दारी गेलात तर यम आणि चित्रगुप्तात तडजोड करून द्याल, आणि आपण अर्धे मेलेले राहाल. ते हसायचे. हसताना त्यांचा एक डोळा पूर्ण मिटायचा.

घरात ते आणि त्यांची एकुलती मुलगी काशी. बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. काशी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. दुसरं लग्न करा म्हणून सगळ्या गावानं धोशा लावला, पण या एका बाबतीत पंतांनी कुणाशी तडजोड केली नाही. पोरीला वेणी घालण्यापासून सगळं स्वतः केलं. वेणी वाकडी असायची. काशी ती वाकडी वेणी घेऊन माझ्या दुकानात चिंध्या मागायला यायची आणि बापासारखीच, मागेल त्याच्या अर्ध्यावर राजी व्हायची. पुढे ती मंठ्याला दिली. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. त्यानंतर पंत बाळंतपणाचा विषय निघाला की उठून जात.

आमच्याकडे बाळंतपणं सगळी मांगवाड्यातल्या सुइणींच्या हातची. त्यांत रखमा थोरली. ब्राह्मण असो, देशमुख असो, मारवाडी असो, गावातल्या पोराला जगात पहिला हात लागायचा तो तिचा. नाळ तिनं कापायची, मग तिनं बाहेर जायचं, मग घर धुऊन सोवळं करायचं. यात कुणाला काही विचित्र वाटत नसे. काशीही तिच्याच हातची. रखमा अडलेली बाई सोडवायची, पायाळू पोर फिरवायची, पण रक्त सुटलं की तिचाही हात थबकायचा. पंतांची बायको तशीच गेली होती. पंतांनी रखमाला कधी बोल लावला नाही. म्हणायचे, "तिला शिकवलं कुणी? तिला जेवढं येतं तेवढं तिचं तीच शिकली."

मग एके वर्षी वरून कळलं, की गावकमिटीनं जागा दिली आणि बाळंतघराचा आपला कायदा करून मंजुरीला पाठवला, तर सरकार बायकांसाठी डॉक्टरीण देईल. ती बाळंतपणं करील आणि सुइणींनाही शिकवील. मुदत पुढच्या पाडव्यापर्यंत. पंत कमिटीत होते. त्या दिवशी ते माझ्या दुकानात आले आणि उंबऱ्यावर न बसता सरळ गादीवर येऊन बसले. "मोतीशेठ," म्हणाले, "हे झालंच पायजे. काशीला पुन्हा दिवस जातील तवा हितं डॉक्टरीण असली पायजे. बाकी मला आता जगाकडून काही नको." इतकं उघड बोललेलं मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

आता गावात दोन पक्ष. मंडीवाले आणि वाचनालयवाले. मंडीवाल्यांचे म्होरके भगवानदास शेठ, माझ्या आईकडून नात्यातले. दानधर्मात हात सढळ, पण रूढीच्या बाबतीत मूठ झाकलेली. वाचनालयवाल्यांचे केशवराव, पुण्याला शिकून आलेले, अंगात खादी, बोलणं फटकळ आणि माणूस निर्मळ. दोघांनाही बाळंतघर हवं होतं. भगवानदासांची सून अडून मेली होती आणि केशवरावांची बहीण. एवढं दुःख सारखं असताना माणसं एकत्र येतील असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

केशवरावांचं म्हणणं, दार एकच, सगळ्या जातींना. आणि शिकून सनद घेतल्याशिवाय एकाही सुइणीनं बाळंतपणाला हात लावायचा नाही. भगवानदासांचं म्हणणं, एक दार केलं तर आमच्या घरची एकही बाई तिथे पाऊल टाकणार नाही, मग बांधता कुणासाठी? चावडीवर बैठकांमागून बैठका झाल्या. माझं दुकान समोरच, त्यामुळे गिऱ्हाईक नसलं की मी ऐकत बसायचो, आणि त्या दिवसांत गिऱ्हाईकही कापड सोडून तेच ऐकायचं. केशवराव म्हणत, अर्धा न्याय म्हणजे पुरा अन्याय. भगवानदास म्हणत, सगळा गाव एका दिवसात पुण्याला नेऊन ठेवता येत नाही. दोघंही आपापल्या परीनं खरे होते, हीच तर पंचाईत. पाडवा जवळ येत चालला.

मग पंत उठले. त्यांनी पुऱ्या थंडीत या घरचा उंबरा आणि त्या घरचा उंबरा केला. सकाळी वाचनालयाच्या दारात, संध्याकाळी मंडीच्या. भगवानदासांकडून त्यांनी एक कलम आणलं: मांग-महारांच्या बायकांनी इमारतीत यायचं नाही, आवारातल्या कडुलिंबाखाली थांबायचं, डॉक्टरीण तिथे येऊन तपासील. केशवरावांनी हे कलम ऐकून तीन वेळा चष्मा पुसला आणि त्याच्या बदल्यात आपलं कलम पुरं कडक करून घेतलं: सनद नसलेल्या सुइणीनं बाळंतपण केलं तर पहिल्यांदा दंड, दुसऱ्यांदा कैद. एकानं दुसऱ्याचं कलम वाचायला मागितलं नाही. त्यांचं त्यांना लखलाभ, आमचं आम्हाला मिळालं ना, असा तो मामला.

लिंबाखालचं कलम मला रुचलं नव्हतं. तसं मी पंतांना म्हणालोही. त्यांनी पागोटं मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "मला तरी कुठं रुचलंय. पण आज झाडाखाली उभ्या ऱ्हातील, उद्या व्हरांड्यात, परवा आत. आधी भिंत तर उभी ऱ्हाऊ द्या मोतीशेठ. भिंत असली तर दार पाडता येतं." त्यांचा यावर मनापासून विश्वास होता. कारस्थानी माणसाला असा विश्वास ठेवता येत नाही.

पाडव्याआधी कायदा एकमतानं मंजूर झाला. आमच्या गावात एकमत ही वस्तू तेव्हा पहिल्यांदा दिसली. चावडीवर पानसुपारी झाली, भगवानदासांनी केशवरावांना अत्तर लावलं. पंत मध्ये उभे होते आणि त्यांचा एक डोळा मिटलेला होता.

डॉक्टरीण आली ती जालन्याला रेल्वेतून उतरून, पुढे बैलांच्या दमणीतून, धुळीनं पांढरी होऊन. हैदराबादेकडची ख्रिस्ती बाई, उंच, आवाज भरदार. पहिल्याच दिवशी तिनं सुइणींना बोलावलं. रखमा आणि बाकीच्या लुगडी धुऊन, केसांना तेल लावून आल्या. फाटकातून आत आल्या आणि कमिटीच्या शिपायानं त्यांना लिंबाखाली थांबवलं. डॉक्टरीण म्हणाली, यांना आत पाठव, मला यांना शिकवायचं आहे. शिपाई म्हणाला, कायद्यात नाही. तिनं कायदा मागवला आणि तिथेच व्हरांड्यात उभ्यानं वाचला. गावातल्या सगळ्या सुइणी मांगवाड्यातल्या. त्या आत येऊ शकत नाहीत. आत येऊन शिकल्याशिवाय सनद नाही. आणि सनदेशिवाय बाळंतपण केलं तर गुन्हा. ही तिन्ही वाक्यं एकाच कायद्यात, एकाखाली एक, सगळ्या गावानं एकमतानं मंजूर केलेली.

पंतांना बोलावणं गेलं. मीही मागोमाग गेलो. तिनं तो कागद त्यांच्यापुढे धरला आणि शांतपणे विचारलं, "वकीलसाब, ये कानून आपने लिखा?"

पंतांनी वाचला. पुन्हा वाचला. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं ते मला दिसलं. त्यांना कायद्याची जाण नव्हती असं कुणी म्हणणार नाही; पण गेल्या चार महिन्यांत त्यांनी ती कलमं फक्त माणसांच्या चेहऱ्यांवर वाचली होती. कोण किती नाराज आहे तेवढं पाहिलं होतं. ते "जी" एवढंच म्हणाले.

डॉक्टरीण हिकमती होती. आत येता येत नाही ना, मग मी बाहेर शिकवते म्हणाली आणि लिंबाखाली वर्ग भरवला. कापडाची बाहुली करून तिच्यावर शिकवायची. रखमा पहिल्या रांगेत. काही दिवस ठीक गेले. मग केशवराव आले, म्हणाले, झाडाखाली शिकवणं म्हणजे शिवाशिव मान्य करणं. हे आमच्या डोळ्यांदेखत चालणार नाही, शिकवायचं तर आत शिकवा. त्याच आठवड्यात भगवानदासांचं माणूस निरोप घेऊन आलं: लिंब फाटकाच्या वाटेवर. आमच्या बायकांना त्यांच्या अंगावरून जावं लागतं, त्यांना तिथे रोज बसवू नका. लिंबाखालचा वर्ग बंद करायचा ठराव कमिटीत पुन्हा एकमतानं झाला. पंत एकटे विरोधात हात वर करून बसले होते. त्यांचा हात वर आहे याकडे अध्यक्षांचंही लक्ष गेलं नाही.

दिवाळीच्या सुमारास डॉक्टरिणीनं बदली मागून घेतली. जाताना तिनं बाहुली रखमाला दिली. तिच्या जागी कुणी आलं नाही. बाळंतघराला कुलूप लागलं, आणि पुढे कमिटीनं ते सरकी ठेवायला मंडीला भाड्यानं दिलं. कायदा मात्र चालू राहिला, कारण कायद्याला कुलूप लावायचं कुणाला सुचलं नाही.

पंत पुन्हा फिरू लागले. दोहोंपैकी एक कलम काढा, कुठलंही काढा, म्हणून दोन्ही उंबऱ्यांवर बसले. केशवराव म्हणाले, आधी त्यांनी लिंबाचं कलम काढावं, मग आम्ही सनदेचं बघू. भगवानदास म्हणाले, आधी त्यांनी सनदेचं काढावं. दोघंही म्हणाले, पंत, तडजोड तुम्हीच करून दिलीत, आता तुम्हीच मोडायला सांगता? पंत परत येताना माझ्या दुकानात थांबायचे. पाणी प्यायचे. एकदा म्हणाले, "मी गाठ अशी बांधली मोतीशेठ, की एक टोक सोडवाया गेलं की दुसरं आवळतंय."

त्या उन्हाळ्यात काशी माहेरी आली. पोट खाली उतरलेलं, पाय सुजलेले, चेहरा मात्र हसरा. मंठ्यालाही डॉक्टरीण नव्हती. तिच्या सासरच्यांनी ऐकलं होतं, की पंतांच्या गावात बाळंतघर आहे. पंतांनी आधीच तिला जालन्याला दवाखान्यात न्यायचं ठरवलं होतं, गाडीही सांगून ठेवली होती. पण पोटातल्या जिवाला आपली घाई. भर दुपारी कळा सुरू झाल्या, आणि प्रवासाचा विचार सोडून द्यावा लागला.

माझी बायको त्यांच्या घरी गेली. दोन सुइणींकडे माणसं धाडली. दोघींनी हात जोडले. मागच्याच महिन्यात एकीला दंड झाला होता, आणि दुसऱ्यांदा सापडली तर कैद. मग पंत स्वतः मांगवाड्यात गेले. मी बरोबर होतो. ते रखमाच्या झोपडीच्या दारात उभे राहिले. रखमा चुलीपुढून उठली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काशीचं का?" पंतांनी मान हलवली. तिनं हात धुतले आणि निघाली. दंडाचं नाव तिनं काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

पोर पायाळू होतं. रखमानं ते सोडवलं. मुलगी होती, रडण्याचा आवाज आम्ही ओसरीवर ऐकला आणि पंतांनी माझा हात धरला. मग बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. मग माझी बायको बाहेर आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. मागून रखमा आली. कोपरापर्यंत रक्त होतं. ती पंतांना म्हणाली, "मालक, रगत थांबवायचं त्या बाईनं झाडाखाली दावायला घेतलं व्हतं. सगळं दावून झालं न्हाई. अर्ध्यावरच बंद पडलं." ती ओरडली नाही, रडली नाही. पंत तिच्यापुढे कोसळले आणि तिला त्यांना उठवता येईना, कारण हात लावायची सवय नव्हती. मी उठवलं.

काशीला स्मशानात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी सासरच्यांनी मंठ्याला नेली. ती जगली, एवढं सांगून ठेवतो.

आणि त्यानंतर रखमावर खटला झाला. फिर्याद दिली केशवरावांनी. मी त्यांना जाब विचारायला गेलो तेव्हा ते वाचनालयात एकटे बसले होते. डोळे लाल होते. म्हणाले, काशी मला बहिणीसारखी होती, म्हणूनच. कायदा एकदा मोडू दिला की सनदेचं कलम मेलं. मग अशा आणखी काशी मरतील. मला त्यांच्या कानशिलात द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी वाटलं, हा मनुष्य खोटं बोलत नाही. खोटं बोलणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

पंतांनी रखमाचं वकीलपत्र घेतलं. काशीनंतर दाढी वाढली होती, शेरवानी अंगावर लोंबत होती. पण कोर्टात उभे राहिले आणि मी त्यांना ओळखेनासा झालो. ज्या माणसानं जन्मभर "ओढू नका" म्हटलं, तो ओढायला लागला. जे पाळणं या बायकांना शक्यच नाही ते त्यांनी मोडलं असं म्हणताच येत नाही, हा त्यांचा मुद्दा. त्यांनी दोन्ही कलमं एकापुढे एक वाचून दाखवली. मुन्सफ सावरून बसले. "बात तो आपकी माकूल है, वकीलसाब," मुद्दा रास्त आहे, असं म्हणाले. मग म्हणाले, युक्तिवाद पुरा केलात तर मला निकालात हे सगळं लिहावं लागेल आणि कायदा वर फेरविचाराला जाईल. नाहीतर दुसरी सोपी वाट आहे. या बाईनं पुन्हा सुइणीचं काम करणार नाही असं लिहून द्यावं, मी खटला काढून टाकतो. दुपारनंतर सांगा.

बाहेर वडाखाली पंत रखमाला म्हणाले, "रखमा, आता तोड न्हाई, मिटवामिटवी न्हाई. ह्या एका खटल्यात ते सनदेचं कलम उडतंय. पुरं उडतंय." त्यांच्या आवाजात धार होती. काशी गेल्यापासून पहिल्यांदाच मला ते जिवंत वाटले.

रखमा खाली बसली होती. ती म्हणाली, "मालक, तोड करा."

त्यांना वाटलं तिला कळलं नाही. ते पुन्हा समजावू लागले. तिनं त्यांना मध्येच थांबवलं. "समदं कळलं मला. मंडीवाल्यांनी माझ्या पोरांनी वळलेले दोर घ्यायचं बंद केलंय. वाचनालयवाले रोज येऊन सांगत्यात, दंड भर अन् मोकळी हो. सून पोटुशी हाये. तुम्ही जिंकाल मालक, मला ठावं हाये. जिंकल्यावर आम्ही ऱ्हायचं कुठं?"

मी मनात पंतांना म्हणत होतो, ऐकू नका हिचं, या एका वेळी तरी ऐकू नका. पण ज्याचा खटला त्याचा शब्द शेवटचा, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांनी कागद मागवला आणि मांडीवर घेऊन आपल्या सुरेख उर्दू अक्षरात लिहिला. रखमानं अंगठा उठवला. कलम जिथल्या तिथे राहिलं. दोन्ही पक्षांना निकाल पसंत पडला. केशवराव म्हणाले, कायद्याचा मान राहिला. भगवानदास म्हणाले, गावची अब्रू राहिली.

त्यानंतर गावातली बाळंतपणं सासवा आणि जावा करू लागल्या, जमेल तशी. माझ्या धाकट्या भावजयीचं तसंच झालं. ती वाचली, बाळ गेलं. आम्ही ते नशीब म्हणून घेतलं.

पंतांनी पुढे एकही भांडण मिटवलं नाही. लोक सवयीनं येत. ते म्हणत, "कोर्टात जा. मिटवायचं काम मी सोडलंय." मुन्सफापुढेही जाईनात. ओसरीवर, भिंतीला पाठ लावून बसून राहत. मी रोज जायचो. एकदाच, आपणहून म्हणाले, "मी समद्यांना विचारलं मोतीशेठ. ह्यांना विचारलं, त्यांना विचारलं. रखमाला विचारायचं मात्र मला सुचलं न्हाई. ती कुठल्याच पक्षात नव्हती ना." मी म्हटलं, आता कशाला ते. ते म्हणाले, "व्हय. आता कशाला." त्यांच्या जवळ बसून मला त्यांचा कधी राग यायचा, आणि त्याहून जास्त माया यायची. दोन्हीचं काय करायचं ते कळायचं नाही.

रझाकारांच्या धामधुमीच्या उन्हाळ्यात ते तापानं गेले. अर्धं गाव तेव्हा वऱ्हाडाच्या हद्दीत निघून गेलं होतं. केशवराव तुरुंगात होते, भगवानदास जुन्या जालन्यात जावयाकडे. खांदा द्यायला माणसं जमवावी लागली. गल्ली मोकळी होती, आणि समोरच्या भिंतीपाशी रखमा उभी होती. म्हातारी झाली होती. मी तिच्याजवळ गेलो.

ती म्हणाली, "शेठ, ह्यांनी कुणाचं वाईट केलं न्हाई."

मी म्हटलं, खरं आहे.

"चांगलं बी कुणी करू दिलं न्हाई त्यांना. मंग त्यांनी मधलं केलं," ती म्हणाली. "अन् मधी आम्ही व्हतो."

तिरडी निघाली. गल्ली अरुंद, म्हणून रखमा अंग चोरून भिंतीला टेकली आणि आम्हाला वाट करून दिली.